दोन टन पेलणारा रॅम्प आणि एस्तेर

या ब्लॉगच्या वाचकांना माझ्याकडून घाट, धरणं, मिसळ आणि माझ्या नवऱ्याच्या, विलासच्या, गाडी चालवण्याबद्दलच्या तक्रारी वाचायची सवय आहे. त्यामुळे "हा शनिवार-रविवार भिवंडी" असं स्टेटसला टाकल्याबरोबर पहिला मेसेज आला, "कोण गेलं?" दुसऱ्या मैत्रिणीने लिहिलं, "चादरी आणणार असशील तर माझ्यासाठी दोन डबल." सहलीला म्हणून भिवंडीला जाणारं माणूस अजून जन्माला यायचंय, याबद्दल सगळ्यांचं एकमत दिसलं.

आम्ही निघालो ते एस्तेरच्या मेसेजमुळे. एस्तेर ही माझ्या मावसबहिणीची, रत्नाची मुलगी. वय एकतीस. जन्मापासून मणक्याचा आजार, त्यामुळे कमरेखालचं शरीर तिचं ऐकत नाही. हात मात्र पैलवानाचे आणि जीभ आमच्या घराण्याची. घरी बसून तीन ट्रान्सपोर्टवाल्यांची, ट्रकमधल्या मालासोबत लागणारी ई-वे बिलं करते, आणि भिवंडीजवळच्या काल्हेरचे ड्रायव्हर पोलिसांपेक्षा तिच्या फोनला जास्त घाबरतात. तिने लिहिलं होतं:

"मावशी, रविवारी आमच्या मंडळीत रॅम्पचं उद्घाटन आहे. नऊ वर्षं मला चौघं जण खुर्चीसकट उचलून वर नेतात. या रविवारी मी माझ्या हाताने चाकं फिरवत वर जाणार आणि प्रभुभोजन घेणार. नाही जमलं तर परत कुणाला उचलू देणार नाही. घरी बसून मोबाईलवर उपासना ऐकीन. हे आईला सांगू नकोस. बघायला ये."

मी ख्रिस्ती असले तरी नाताळ आणि ईस्टर एवढीच माझी चर्चला हजेरी, आणि प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसही त्या दोनच दिवशी. पण असं आमंत्रण आल्यावर कोण घरी बसेल?

शनिवारी सकाळी साडेसहाला नाशिक सोडलं. निघताना आमच्या सोसायटीच्या दारातल्या तीन पायऱ्यांवरच्या माझ्या अकरा कुंड्यांना पाणी घालायला वॉचमनला बजावलं. त्या कुंड्यांचा या ब्लॉगवर फोटो येऊन गेलाय, तुम्ही कौतुकही केलंय. कसारा घाट विलास अशा वेगाने उतरला की मागचा भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गप्प झाला. विलास पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनीअर आहे, त्याला घाई ही कल्पनाच मान्य नाही.

पडघ्याला थांबा. नाक्यावरचा वडापाव बरा, चहा अप्रतिम, आणि दोघांचं मिळून शंभराच्या आत पोट भरतं. खरा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. वडप्याला गोदामं सुरू झाली की रस्त्यावर कंटेनर, कंटेनरच्या पुढे कंटेनर, आणि मधल्या फटीत रिक्षा. मोबाईल म्हणत होता "अकरा मिनिटं". आम्हाला सव्वा तास लागला. नाशिकहून एसटीने येणार असाल तर बायपासला उतरा आणि अंजूरफाट्याकडे रिक्षा करा. भाव आधी ठरवा, आणि गुडघे स्वतःचे असतील तर ते पोटाशी धरून बसा.

रत्नाचं घर काल्हेरला एका नव्या टॉवरमध्ये आहे. जाहिरातीतल्या चित्रात पोहण्याचा तलाव होता. प्रत्यक्षात रोज सकाळी पाण्याचा टँकर येतो. पण लिफ्ट मोठी आहे आणि दारात पायरी नाही. याच दोन गोष्टींसाठी रत्नाने हे घर घेतलं.

"दाजी, जेवून मग झोपा. चारला सगळ्यांना सभेला जायचंय," रत्नाने विलासला हुकूम दिला.

स्वयंपाकघरात मी एस्तेरला विचारलं, "एवढं का गं लागतं तुला? प्रेमानेच उचलतात ना?"

ती लसूण सोलत होती. "प्रेमानेच. म्हणून तर नऊ वर्षं काही बोलले नाही. कुणाच्या केसाला कुठलं तेल, कुणाची कंबर कुठल्या पायरीला कण्हते, सगळं पाठ आहे मला. वर पोचले की मंडळी टाळ्या वाजवतात. मावशी, तू चर्चला गेलीस की तुझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवतं?"

"मी वर्षातून दोनदा जाते. वाजवायला हव्यात."

ती हसली. मग म्हणाली, "मला एक रविवार तरी उशिरा येऊन मागे गुपचूप बसायचंय. बाकी सगळे बसतात तसं."

आता ही मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, कुठे भरते ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. काल्हेरच्या आतल्या रस्त्याला एक जुना गोदामाचा गाळा यांनी भाड्याने घेतलाय. गोदाम म्हटलं की त्याची जमीन ट्रकच्या फाळक्याला लागेल एवढी उंच, म्हणजे चार फुटांचा ओटा. माल सरळ आत ढकलता यावा म्हणून. माणसांसाठी कडेला अरुंद पायऱ्या. शेजारच्या शेडमध्ये कापड विणायचे लूम चालतात, त्यामुळे इथे प्रत्येक गीताला आपोआप ठेका मिळतो. भिंतीवर क्रूस, आणि त्याच्या बाजूला आधीच्या भाडेकरूची सूचना अजून शाबूत: "माल मोजून घ्यावा".

शनिवारी चार वाजता इथे अपंग माणसं आणि त्यांच्या घरच्यांची सभा असते. नियम एकच आणि तो कडक. आलेल्या आयांनी दोन तास खुर्चीतून उठायचं नाही. मुलांना पाणी, शू, रडणं, खाणं, सगळं मंडळीतले लोक बघणार. आयांनी चहा प्यायचा आणि पाय लांब करायचे. ऐकायला सोपं वाटतं. रत्ना पहिल्या वीस मिनिटांत सात वेळा उठली. स्वतःची मुलगी एकतीस वर्षांची, समोरच हिशोबाच्या वहीत डोकं घालून बसलेली, तर ही दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसायला निघाली.

"रत्नाबाई, बसा. तुमच्यामुळे बाकीच्या बिघडतात," पाळकसाहेब ओरडले. पाळक तरुण आहेत, मूळचे नगरकडचे. मन सोन्याचं, पण प्रार्थना इतकी लांब की त्यात ऋतू बदलतो. त्यावर देवाने इथे एक उपाय पाठवलाय, त्याचं नाव जॉनी. जॉनी चाळिशीचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. त्याला प्रार्थना पुरे झाली असं वाटलं की तो खणखणीत आवाजात "आमेन!" म्हणतो, आणि मग सगळ्यांनाच "आमेन" म्हणावं लागतं. पाळकांच्या एका वाक्याचा शेवट त्या दिवशी मंडळीला कळलाच नाही. कुणाची तक्रारही दिसली नाही.

रॅम्प बाहेर ताडपत्रीखाली झाकलेला होता. उद्घाटनापर्यंत कुणी बघायचा नाही, एस्तेरने तर मुळीच नाही. पण विलासला इंजिनीअर म्हणून मागच्या बाजूने आत घेतलं शमूकाकांनी. शमूकाका म्हणजे एस्तेरला उचलणाऱ्या त्या चौघांतले म्होरके. बाजूच्या गोदामात माथाडींचे मुकादम, साठीला आलेले, छाती अजून दाराएवढी. खाटेवरच्या मित्राला छप्पर उसकटून येशूसमोर खाली सोडणाऱ्या चौघांची गोष्ट रविवार शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. या मंडळीत ते चौघं साक्षात आहेत आणि पाळक वर्षातून दोनदा तरी त्यांच्यावर उपदेश करतात.

"चेकर प्लेट हाय, साहेब," शमूकाकांनी लोखंडावर बूट आपटून दाखवला. "जागेच्या शेठनी दिली. खाली लोखंडी चॅनल. दोन टनाला हालायचा न्हाय. कालच हँडपॅलेटच्या ढकलगाडीवर तांदळाच्या गोण्या रचल्या आणि चढवून बघितला. पास!"

"कुणी ढकललं?" विलासने विचारलं.

"आम्ही चौघांनी. आणखी कोण?"

विलास ताडपत्रीखाली वाकला, पावलं टाकत लांबी मोजली आणि माझ्या कानाशी आला. "चार फूट चढायला पंधरा फूट लांबी. पन्नासच्या आसपास हवी. हा माल चढवायचा रॅम्प आहे."

"आता तू शहाणपण शिकवू नकोस," मी कुजबुजले. "पाहुणे आहोत. त्यांनी महिनाभर रविवार सोडून रोज ड्युटीनंतर खपून बांधलाय."

विलास गप्प बसला. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला गप्प बसायला दोनदा सांगावं लागत नाही.

निघताना शमूकाका ताडपत्रीची दोरी बांधत होते. "उद्यापासून आम्ही रिकामे, ताई," ते हसत म्हणाले, पण दोरीला गाठ मारायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

रविवारी सकाळी विलासला आठवलं की भिवंडीत येऊन रात्रभर शिजलेली मटणाची निहारी न खाणं हा गुन्हा आहे. खाणाऱ्यांनी सातच्या आत गावात पोचावं, नंतर पातेल्याचा तळच मिळतो. तंदूरची गरम रोटी, वर आल्याच्या सळया, लिंबू. विलासने दोन प्लेट खाल्ल्या आणि परतीच्या वाटेत एकदाही बोलला नाही. मला वाटलं निहारीमुळे.

दहाला आवार भरलेलं होतं. ओट्याला फुगे, ताडपत्रीला झेंडूच्या माळा, गुलाबी रिबन. प्रमुख पाहुणे म्हणजे ज्यांच्या जागेत गाळा आहे ते शेठ. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, पूर्वी भातशेती होती, आता त्या भातशेतीवर गोदामं आहेत. पांढरे बूट, गळ्यात साखळी, आणि माणूस मोकळा.

"मी काय बोलतो," शेठनी माइक हातात घेतला, "धरम कुठलाबी असू दे. पोरगी आपलीच हाय. आपण लोखंड दिला, तो काय उपकार न्हाय केला. आपल्या आजोबांच्या टायमाला इथं..."

"आमेन!" जॉनी म्हणाला.

"आमेन," शंभर माणसं म्हणाली. शेठ क्षणभर गोंधळले, मग त्यांनीही हात जोडून "आमेन" म्हटलं आणि रिबन कापली. ताडपत्री ओढली गेली. टाळ्या.

मी रॅम्पकडे नाही, एस्तेरकडे बघत होते. तिने वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली. ई-वे बिलात चूक सापडली की तिच्या कपाळाला एक आठी पडते, ती पडली. तरी तिने खुर्ची सरळ केली. तिच्या पाठीमागे चौघं आपोआप येऊन उभे राहिले, हात पुढे.

"काका," ती मागे न बघता म्हणाली, "हात खिशात घाला."

"अगं, नुसता आधार..."

"चौघांनी. खिशात."

चार धिप्पाड पुरुष खिशात हात घालून उभे राहिले. एकाच्या पँटला खिसे नव्हते, त्याने हात काखेत दाबले.

एस्तेर चढायला लागली. पहिले दोन रेटे झोकात गेले. तिसऱ्याला चाकांचा वेग कमी झाला. चौथ्याला मानेच्या शिरा दिसू लागल्या. पंधरा फुटांतले पाचेक फूट झाले आणि खुर्ची थांबली. पुढची लहान चाकं किंचित उचलली गेली. रत्नाने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून वळ आहे. शमूकाकांचा उजवा हात खिशातून बाहेर आला, हवेत थांबला, परत खिशात गेला. शेजारचे लूम खटखटत होते. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.

तिने ब्रेक लावला, श्वास घेतला, परत एकदा जोर लावला. बोटभर पुढे, वीतभर मागे. मग ती हळूहळू, दोन्ही हातांनी चाकं रोखत, उलटी खाली आली. एकटीच.

"रॅम्प चांगलाय, काका," ती म्हणाली. आवाज सरळ होता, तळवे लालभडक. "पण मालाचा आहे. मालाला मागून ढकलायला माणसं असतात."

"पोरी, आज आम्ही वर नेतो ना, उद्या बघू..."

"नको. मी आईला घेऊन घरी जाते. तुम्ही सुरू करा."

रत्नाला इतका वेळ काहीच ठाऊक नव्हतं, पण एका वाक्यात तिला सगळं कळलं. तिने पर्स खांद्याला लावली. ओट्यावर पाळकसाहेबांनी माइक बंद केला. एस्तेरने खुर्ची फाटकाकडे वळवली.

तेव्हा शमूकाका पायऱ्या चढून वर गेले. रागाने चाललेत असंच मला वाटलं. आतून त्यांचा मुकादमाचा आवाज आला, "चला रे. दोन पुढं, दोन मागं. टेबल धरा."

"शमूकाका, अहो, मेज कुठे नेताय?" पाळकसाहेब धावले. प्रभुभोजनाचं मेज सागवानी, सहा फूट, त्यावर पांढरं कापड, भाकर, द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्यांचे ट्रे. "थांबा, आधी ट्रे तरी काढू. सांडेल सगळं!"

"पाळकसाहेब," शमूकाका पायऱ्यांवरून म्हणाले, मेजाचा पाय छातीला टेकलेला, "नऊ वर्षं माणूस उचलला. सांडला का कधी?"

मेज खाली आलं. एक थेंब सांडला नाही. आवाराच्या मधोमध, एका रिकाम्या ट्रकच्या सावलीत ठेवलं. मग लोकांना सुचलं. कुणी खुर्च्या उतरवल्या, कुणी पेटी, कुणी आजीबाईंना हात दिला. ट्रकचा ड्रायव्हर केबिनमधून उतरला आणि काय करावं न कळून त्याने टोपी काढली. उरला आवाज तो लूमचा. पाळकांनी लूमच्या शेडचे मालक असलेल्या चाचांकडे नुसतं बघितलं. चाचा दारात बसून हा सगळा तमाशा केव्हापासून बघत होते.

"एक घंटा," ते म्हणाले आणि आत गेले. जाता जाता आपली अब्रू राखायला जोडलं, "बिजली वैसे भी जानेवाली थी।"

खटखट थांबली. काल्हेरमध्ये एवढी शांतता असते हे काल्हेरलाही माहीत नसावं.

एस्तेर फाटकाशीच होती. कुणी तिला बोलवायला गेलं नाही. बहुतेक शमूकाकांनी डोळ्यांनी दम दिला होता. उपासना सुरू झाली. दुसऱ्या गीताच्या वेळी मी वळून बघितलं, तर ती मागच्या रांगेच्या शेवटी येऊन थांबली होती. गुपचूप. उशिरा आलेल्यांसारखी.

प्रभुभोजनाला रांगा उठल्या. तिची रांग उठली तेव्हा ती निघाली. सपाट काँक्रीटवर चाकांचा अगदी बारीक आवाज येत होता. तिच्या आणि मेजाच्या मध्ये एकही माणूस, एकही हात नव्हता. पाळकांनी भाकर दिली, प्रार्थना सुरू केली, आणि जॉनीने या खेपेला त्यांना ती पूर्ण करू दिली.

नंतर बिर्याणीच्या प्लेट घेऊन सगळे रॅम्पभोवती जमले. एस्तेरने विलासला पकडलं. "काका, काल तुम्ही ताडपत्रीखाली गेला होतात. कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मग?"

विलासने माझ्याकडे बघितलं. चांगला नवरा आहे, नाव घेतलं नाही. पण एस्तेरला कळलं. तिची ती आठी आता माझ्याकडे वळली होती.

"मी गप्प बसवलं," मी म्हणाले. "मला वाटलं, बिचाऱ्यांना वाईट वाटेल."

"आणि मला कुणी विचारायचं?"

मी प्लेटमधलं लिंबू एका कडेला सारलं.

विलासने खडू मागितला. भिंतीच्या कडेने लांब रेघ, मग वळण, मध्ये विसाव्याला सपाट जागा, मग परत रेघ. ती नेमकी शेठच्या गाडीच्या जागेवरून जात होती. शेठनी एक मिनिट विचार केला आणि गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे फेकली. "काढ रे. तिकडं उभी कर." दर फुटाला एस्तेर खुर्ची घेऊन बघणार, असं ठरलं. तिने मान्य केलं नाही तर तो फूट पाडायचा.

"हे व्हायला दोन महिने जातील," शमूकाका म्हणाले. मग जरा अवघडून, "तवर आम्ही चौघांनी करायचं काय?"

"टेबल," एस्तेर म्हणाली. "दर रविवारी."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बिर्याणीत तोंड घालावं लागलं.

संध्याकाळी नाशिकला पोचलो. चादरी आणल्या नाहीत, मैत्रिणीने माफ करावं. सोसायटीच्या दारात विलासने बॅगा उतरवल्या आणि त्या तीन पायऱ्यांशी थांबला. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेकाकांना पक्षाघात झाला, तेव्हा त्यांच्या मुलाने मीटिंगमध्ये इथे रॅम्प करू असं सुचवलं होतं. त्यासाठी कुंड्या हलवाव्या लागणार होत्या. मी उठून म्हणाले होते, "रॅम्प केला तर उद्या सगळे स्कूटर वर घेऊन येतील, परवा म्हशी." फार हशा पिकला. विषय तिथेच संपला. देशपांडेकाका तेव्हापासून गॅलरीतच दिसतात.

सोमवारी सकाळी विलासने टेप लावून मोजलं. अकरा कुंड्या मी एकेक करून मागच्या अंगणात नेल्या. वॉचमन मदतीला आला, त्याला नको म्हटलं. मग विलास म्हणाला, "खडूने आखू?"

"थांब," मी म्हणाले. "आधी विचारून येते."

लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेले. दार देशपांडेकाकांनीच उघडलं, खुर्चीत बसून. मी म्हणाले, "काका, खाली रॅम्प करायचा म्हणतोय. कसा हवा ते तुम्ही सांगा."

त्यांनी माझ्या हाताला लागलेल्या मातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पक्षाघाताने तोंड एका बाजूला वाकलंय, त्यामुळे हसतात का रागावतात ते पटकन कळत नाही.

"वर येऊन विचारायला पाच वर्षं," ते सावकाश म्हणाले. "लिफ्ट बंद होती का?"